हेलियमचा शोध नेमका कुठे लागला?

१८ ऑगस्ट जवळ आला की समाजमाध्यमांवर एक संदेश नेमाने फिरू लागतो. हेलियम या मूलद्रव्याचा शोध १८६८ साली याच दिवशी विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लागला; सर नॉर्मन लॉकियर यांनी तेथे दुर्बिणी मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि सूर्यप्रकाशात त्यांना हे नवे द्रव्य सापडले, असा त्याचा आशय असतो. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' पुरावा म्हणून दाखवले जातात. हाच संदेश इंग्रजीत आला तर विजयदुर्गाच्या जागी आंध्रातील गुंटूर येते आणि लॉकियर यांच्या जागी फ्रेंच खगोलज्ञ जूल्स जान्सेन. दोन्ही आवृत्त्यांचा शेवट एकच असतो: हेलियम ही भारतभूमीने जगाला दिलेली देणगी.

या कथेत खरे बरेच आहे, पण त्याची जुळणी चुकली आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर भारतात नव्हते. ते इंग्लंडमध्ये होते. गुंटूरला जान्सेन होते, पण त्यांनी त्या दिवशी नवे मूलद्रव्य सापडल्याचा दावा केला नाही. विजयदुर्गावर लॉकियर खरोखरच आले होते, मात्र तीस वर्षांनंतर. तोपर्यंत हेलियम प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत बंदिस्त होऊन जवळजवळ तीन वर्षे झाली होती.

केवळ तारखा दुरुस्त करण्यासाठी एवढा लेखनप्रपंच करण्याचे कारण नव्हते. या चुकलेल्या कथेमागे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. एखादे द्रव्य 'नवे मूलद्रव्य' आहे, हे ठरते कसे आणि ठरवतो कोण? रसायनशास्त्राची ओळख होताना विद्यार्थ्यापुढे चार शब्द ठेवले जातात: मूलद्रव्य, अणू, रेणू आणि संयुग. व्याख्या पाठ होतात, परीक्षेत गुणही मिळतात. परंतु या शब्दांचे अर्थ एकेकाळी कोणालाच ठाऊक नव्हते, ते भांडून आणि प्रयोग करून ठरवावे लागले, हे त्याच्या कानावर क्वचितच जाते. हेलियमच्या इतिहासात या चारही शब्दांची परीक्षा झाली आहे.

१८६८ साली या शब्दांची स्थिती काय होती, ते प्रथम पाहू. मूलद्रव्याची कामचलाऊ व्याख्या आंत्वान लाव्हाझिए यांनी १७८९ साली दिली होती: ज्ञात असलेल्या कोणत्याही उपायाने ज्याचे आणखी विघटन करता येत नाही, ते मूलद्रव्य. ही व्याख्या नम्र आहे. 'आज करता येत नाही' एवढेच ती म्हणते. लाव्हाझिए यांच्या ३३ नावांच्या यादीत प्रकाश आणि उष्णता यांनाही स्थान होते, चुनाही होता. पुढे चुना हे कॅल्शियम आणि ऑक्सिजनचे संयुग निघाले आणि यादीतून गळाले. तेव्हा मूलद्रव्य म्हणून मान्यता मिळवायची, तर द्रव्य हाती आले पाहिजे, त्याचे वजन झाले पाहिजे आणि त्याला फोडण्याचे सर्व प्रयत्न फसले पाहिजेत, अशी रसायनशास्त्राची रीत होती.

अणू आणि रेणू यांची कथा अधिक गुंतागुंतीची होती. जॉन डाल्टन यांनी १८०८ साली आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला, पण हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाणी होते, असे त्यांनी धरले होते. १८११ साली आमेदेओ अ‍ॅव्होगाद्रो यांनी सुचवले की वायूंचे सुटे कण म्हणजे अणूच असतील असे नाही. हायड्रोजनचा किंवा ऑक्सिजनचा कण दोन अणूंच्या जोडीचा असू शकतो. एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना का धरून राहतील, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. ती कल्पना जवळजवळ पन्नास वर्षे बाजूला पडून राहिली. एकाच संयुगाची निरनिराळी सूत्रे निरनिराळ्या पुस्तकांत छापली जात. अखेर सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तेथे स्तानिस्लाओ कान्निझ्झारो यांनी अ‍ॅव्होगाद्रोंच्या कल्पनेवरून अणुभार कसे काढावेत, हे पटवून दिले. श्रोत्यांत तरुण मेंडेलीव्ह होते. म्हणजे १८६८च्या ग्रहणाच्या वेळी अणू आणि रेणू यांतील भेद मान्य होऊन जेमतेम आठ वर्षे लोटली होती.

त्याच सुमारास एक नवे साधन हाती आले होते. १८५९-६० मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्य तापले असता आपल्या ठरावीक रंगरेषांचा प्रकाश देते. मिठाचा कण ज्योतीत टाकला की पिवळा रंग उमटतो, तो सोडियमचा. वर्णपटदर्शकातून पाहिले तर हा पिवळा रंग दोन जवळजवळच्या रेषांचा दिसतो. त्यांच्या तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर आहेत. सूर्याच्या वर्णपटात याच ठिकाणी दोन काळ्या रेषा असतात आणि त्यांना डी रेषा म्हणतात. या पद्धतीने सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये बुन्सेन व किर्खहोफ यांनी लागोपाठ शोधली. मात्र रेषा दिसल्यावर ते तेवढ्यावर थांबले नाहीत. बुन्सेन यांनी खनिज पाण्याचे प्रचंड साठे आटवून सीझियमचे क्षार प्रत्यक्ष वेगळे काढले. रेषेने वाट दाखवली आणि रसायनाने शिक्कामोर्तब केले.

या पार्श्वभूमीवर १८ ऑगस्ट १८६८चे खग्रास ग्रहण आले. त्याचा पट्टा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून विजापूर, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण असा बंगालच्या उपसागराकडे गेला. खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती, आणि वर्णपटदर्शक घेऊन पाहण्याजोगे हे पहिलेच मोठे ग्रहण होते. ग्रहणात चंद्रबिंबाच्या कडेला लालसर ज्वाला दिसतात. त्या सूर्याच्या की चंद्राच्या, हा वाद १८६०च्या ग्रहणाने बऱ्याच अंशी मिटवला होता. परंतु त्या कशाच्या बनल्या आहेत, हे ठाऊक नव्हते. ते पाहण्यासाठी गुंटूरला जान्सेन यांनी आणि ब्रिटिशांच्या वतीने मेजर टेनंट यांनी तळ ठोकला होता. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू.

या सर्वांना ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. त्यावरून ज्वाला म्हणजे तप्त वायू, मुख्यतः हायड्रोजन, हे निश्चित झाले. त्या दिवसाचे खरे फलित हे होते. पिवळ्या किंवा नारिंगी भागात आणखी एक रेषा होती आणि तीही अनेकांना दिसली. हर्शेल यांनी ती सोडियमची डी रेषाच मानली. पॉगसन यांनी ती डीपाशी किंवा डीच्या जवळ असल्याची सावध नोंद केली. काही मिनिटांच्या अंधारात, ढगांची धास्ती बाळगत, दीड-दोन नॅनोमीटरचा फरक ओळखणे सोपे नव्हते. रेषा डोळ्यांना दिसली होती, पण ती वेगळी आहे हे कळले नव्हते.

जान्सेन यांचे मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. ज्वालांच्या रेषा त्यांना इतक्या तेजस्वी वाटल्या की या रेषा ग्रहणाशिवायही दिसल्या पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, सूर्य नेहमीसारखा तळपत असताना त्यांनी वर्णपटदर्शकाची फट सूर्यबिंबाच्या कडेवर आणली आणि त्या रेषा पुन्हा पाहिल्या. ग्रहणाची मिनिटे मोजत बसण्याची गरज संपली होती. सूर्याचा अभ्यास रोज करण्याची ही पद्धत गुंटूरमध्ये जन्मली, हे निःसंशय सांगता येते आणि त्याचा अभिमानही बाळगता येतो.

इकडे लंडनमध्ये लॉकियर हे युद्धखात्यात कारकुनी करीत होते आणि उरलेल्या वेळात सूर्य पाहत होते. ग्रहणाशिवाय ज्वाला पाहता येतील, ही कल्पना त्यांना दोन वर्षे आधीच सुचली होती. पुरेसा चांगला वर्णपटदर्शक मात्र त्यांच्या हाती ऑक्टोबरमध्ये आला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना ज्वालांच्या रेषा दिसल्या. जान्सेन यांचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉकियर यांच्या निरीक्षणाची बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले.

आता घाई नव्हती, ग्रहण सरण्याची भीती नव्हती. लॉकियर यांनी पिवळ्या रेषेचे स्थान सावकाश मोजले. ती सोडियमच्या दोन्ही रेषांशी जुळेना. त्या दोन रेषांना डी-१ आणि डी-२ म्हणत. ही डी-३ ठरली. तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर आहे. मग ही रेषा कोणाची? पहिला संशय हायड्रोजनवर होता. निराळ्या दाबाखाली, निराळ्या तापमानाला हायड्रोजन अशी रेषा देत असेल काय, हे रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या साहाय्याने तपासण्यात आले. तशी रेषा मिळाली नाही. तेव्हा सूर्यावर एखादे अपरिचित द्रव्य असावे, असा तर्क पुढे आला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला 'हेलियम' म्हटले जाऊ लागले. १८७१ साली विल्यम थॉमसन यांनी, म्हणजेच पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात हे नाव जाहीरपणे उच्चारले. नावाच्या शेवटचा प्रत्यय सोडियम, कॅल्शियम अशा धातूंच्या धर्तीचा आहे. ते द्रव्य वायू आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार?

पुढची जवळजवळ चोवीस वर्षे हेलियम हे असे एक नाव होते, ज्याच्यामागे द्रव्य नव्हते. बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी ते गंभीरपणे घेतले नाही. मेंडेलीव्ह यांच्या आवर्तसारणीत त्याला जागा नव्हती. आज मागे वळून पाहताना या मंडळींना हटवादी ठरवणे सोपे आहे. पण त्यांची शंका रास्त होती, हे दाखवणारी दोन उदाहरणे शेजारीच उभी आहेत. ७ ऑगस्ट १८६९च्या ग्रहणात अमेरिकी निरीक्षकांना सूर्याच्या प्रभामंडलात, ज्याला आपण कोरोना म्हणतो त्यात, ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेषा दिसली. तीही कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'कोरोनियम' नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले. तेजोमेघांत दिसणाऱ्या हिरव्या रेषांवरून 'नेब्युलियम' आले. तर्क तोच आणि पुरावाही त्याच तोलाचा. तरीही कोरोनियम आणि नेब्युलियम अस्तित्वातच नव्हते, असे विसाव्या शतकात सिद्ध झाले. केवळ अनोळखी रेषेवरून मूलद्रव्य मान्य करायचे असते, तर तीनपैकी दोन वेळा विज्ञान फसले असते.

हेलियमची सुटका १८९५ साली झाली आणि तीही दुसऱ्याच शोधाच्या ओघात. लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन हा संयुगांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो, असे आढळले होते. त्या किंचित फरकाचा पाठपुरावा करताना त्यांना आणि विल्यम रॅमसे यांना १८९४ साली आरगॉन हा नवा वायू मिळाला. तो कशाशीच संयोग पावत नव्हता. त्याची संयुगे कुठे मिळतील, या शोधात असलेल्या रॅमसे यांना कळले की अमेरिकेतील विल्यम हिलेब्रँड यांना युरेनियमच्या खनिजातून असाच एक निष्क्रिय वायू मिळाला होता आणि त्यांनी तो नायट्रोजन समजला होता. रॅमसे यांनी क्लेव्हाइट नावाचे खनिज मिळवले, ते आम्लात उकळले आणि निघालेला वायू नळीत भरून त्यातून वीज सोडली. मार्च १८९५ मध्ये त्या नळीत एक झळझळीत पिवळी रेषा उमटली. ती सोडियमची नव्हती. विल्यम क्रुक्स यांनी तिचे मोजमाप केले आणि ती सूर्यातील डी-३ असल्याची खात्री दिली. स्वीडनमध्ये क्लेव्ह आणि लांग्ले यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हा वायू मिळाला. सूर्यावर दिसलेले द्रव्य अखेर पृथ्वीवरच्या दगडातून बाहेर आले होते, आणि १८६८ ते १८९५ अशी सत्तावीस वर्षांची प्रतीक्षा संपली होती.

मूलद्रव्य मिळाले. आता त्याचा अणू कोणता आणि रेणू कोणता? हा प्रश्न आरगॉनने आधीच तीव्र करून ठेवला होता. घनतेवरून आरगॉनचा रेणुभार सुमारे ४० येत होता. पण रेणुभारावरून अणुभार काढायचा, तर एका रेणूत अणू किती, हे कळले पाहिजे. दोन असतील तर अणुभार २०, एकच असेल तर ४०. मेंडेलीव्ह यांनी तर निराळीच शंका काढली: हा वायू म्हणजे तीन नायट्रोजन अणूंचा रेणू तर नसेल? नायट्रोजनचा अणुभार १४, तिप्पट केल्यास ४२. ऑक्सिजनचे तीन अणू मिळून ओझोन होतो, हे ठाऊक होतेच. शंका हुशारीची होती. 'नवे मूलद्रव्य' आणि 'जुन्याच मूलद्रव्याचा नवा रेणू' यांतील फरक किती नाजूक असतो, ते तिच्यातून दिसते.

उत्तर ध्वनीने दिले, आणि भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला या इतिहासातील सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. वायूला उष्णता दिली की त्याचे रेणू अधिक वेगाने धावू लागतात. रेणू दोन अणूंचा, मुद्गलासारखा असेल, तर तो धावण्याबरोबर गरगर फिरूही लागतो आणि थोडी उष्णता त्या फिरण्यात खर्च होते. रेणू एकाच अणूचा, चेंडूसारखा असेल, तर सर्व उष्णता धावण्यातच जाते. या भेदामुळे वायूच्या दोन विशिष्ट उष्मांचे, म्हणजे दाब स्थिर असतानाच्या आणि आकारमान स्थिर असतानाच्या उष्मांचे, गुणोत्तर बदलते. हवेसारख्या द्विअणू वायूसाठी ते सुमारे १.४० असते, तर एकअणू वायूसाठी १.६७. हे गुणोत्तर वायूतील ध्वनीच्या वेगावरून काढता येते. नळीत बारीक भुकटी पसरायची, नळीत आवाज घुमवायचा आणि भुकटीच्या ओळींमधील अंतर मोजायचे, एवढी साधी कुंट यांची युक्ती. आरगॉनसाठी उत्तर १.६७च्या जवळ आले आणि हेलियमसाठीही. हेलियमचा रेणुभार ४ होता, म्हणून अणुभारही ४. त्याचा अणू हाच त्याचा रेणू. शालेय पुस्तकातील तक्त्यात हेलियमसमोर 'एकअणू' असा शब्द छापलेला असतो. तो एक शब्द लिहिण्यासाठी कोणीतरी नळीतील भुकटीच्या ओळी मोजल्या आहेत, हे विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे.

येथे आपल्या भाषांतील एका गमतीदार पेचाची नोंद करतो. मराठीत आपण सर्वांत लहान घटकाला 'अणू' म्हणतो आणि अणूंच्या समूहाला 'रेणू'. हिंदीत पहिल्याला 'परमाणु' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अणु'. बंगाली आणि गुजराती यांचाही प्रघात तोच. वैशेषिक दर्शनातील परमाणू, द्व्यणुक, त्र्यणुक या परंपरेतून हे शब्द आले आहेत आणि आधुनिक अर्थ लावताना प्रत्येक भाषेने आपापली निवड केली आहे. त्यामुळे आपले अणुऊर्जा खाते दिल्लीच्या हिंदीत परमाणु ऊर्जा विभाग होते. त्यात बिघडत काही नाही. पण दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या आणि पुढे हिंदी पुस्तके किंवा हिंदी चित्रफिती पाहणाऱ्या विद्यार्थ्याला 'पानी का अणु' ऐकून पेच पडतो, कारण पाण्याला रेणू असतो, अणू नसतो, असे त्याला शिकवलेले असते. मातृभाषेतून विज्ञान शिकवण्याची चर्चा देशभर चालू असताना शिक्षकांनी हा भेद एकदा फळ्यावर लिहून दाखवावा. योगायोग असा की हेलियमच्या बाबतीत हा पेच उरतच नाही. हिंदीतला अणु आणि मराठीतला अणू तेथे एकाच वस्तूचे नाव ठरतात!

चौथा शब्द संयुग. त्याबाबत हेलियमने नकार देऊन शिकवले. आवर्तसारणीतील स्थान ठरवण्याचा एक मोठा आधार संयुजा हा होता; मूलद्रव्य कोणाशी, कोणत्या प्रमाणात संयोग पावते, यावरून त्याचा गण कळे. जे कोणाशीच संयोग पावत नाही, त्याला कुठे बसवायचे? रॅमसे आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हेही निष्क्रिय वायू शोधले, तेव्हा हे एकटेदुकटे अपवाद नसून संपूर्ण कुटुंब आहे, हे उघड झाले. सारणीला एक नवा स्तंभ जोडला गेला आणि मेंडेलीव्ह यांनीही तो अखेर स्वीकारला. जी सारणी या वायूंमुळे मोडेल अशी भीती होती, ती त्यांच्यामुळे अधिक भक्कम झाली. हेलियमचा नकारही अगदी निरपवाद नाही. हेलियम आणि हायड्रोजन यांचा विद्युतभारित रेणू १९२५ साली प्रयोगशाळेत बनला आणि २०१९ साली अंतराळातील एका तेजोमेघातही आढळला.

सूर्यावरचे द्रव्य युरेनियमच्या दगडात कसे, हा प्रश्न मात्र १८९५ साली अनुत्तरित होता. किरणोत्साराचा शोधच मुळी पुढच्या वर्षीचा. युरेनियममधून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रक, हे रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी १९०९ साली काचेच्या नळीत ते कण साठवून आणि त्यांत तीच पिवळी रेषा दाखवून सिद्ध केले. त्या दगडातील हेलियम हे युरेनियमच्या अणूंचे विघटन होता होता त्यात साठले होते. अणू अविभाज्य आणि अविकारी आहे, ही डाल्टन यांची कल्पना त्याच हेलियमने निकालात काढली.

आता पुन्हा भारताकडे वळू, कारण या कथेतील एक निर्णायक दुवा कोलकात्यात आहे. सूर्याच्या द्रव्यमानात सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे. मग नेहमीच्या सूर्यप्रकाशात सोडियमसारखी त्याची काळी रेषा का दिसत नाही? ती कडेच्या ज्वालांतच का? आणि तापमान बदलले की एकाच मूलद्रव्याच्या रेषा का बदलतात? मेघनाद साहा यांनी १९२० साली याचा पाया घातला. तापमान वाढले आणि दाब घटला की अणूतून इलेक्ट्रॉन निसटतात. किती टक्के अणूंतून निसटतील, याचे समीकरण त्यांनी मांडले. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू निराळ्या रेषा देतो. म्हणजे रेषा दिसत नाही याचा अर्थ मूलद्रव्य नाही, असा होत नाही. आणि अनोळखी रेषा म्हणजे अनोळखी मूलद्रव्य, असाही होत नाही. हेलियमची डी-३ रेषा उमटण्यासाठी आधी त्याच्या अणूला फार मोठी ऊर्जा मिळावी लागते. ५,८०० केल्व्हिनच्या आसपासच्या सौरपृष्ठावर ती मिळत नाही. सिसिलिया पेन यांनी १९२५ साली साहांच्या समीकरणाच्या आधारे ताऱ्यांत हायड्रोजन आणि हेलियमच प्रचंड प्रमाणात असल्याचे गणित मांडले.

कोरोनियमचे कोडेही याच दिशेने सुटले. १९४०च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून कळले की ती हिरवी रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. याचा अर्थ प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक आहे. नवे मूलद्रव्य मिळाले नाही, पण त्याहून मोठे कोडे मिळाले: पृष्ठभागापेक्षा त्याच्या बाहेरचे आवरण इतके तप्त कसे? २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या कक्षेत पोहोचलेले आपले आदित्य-एल१ यान याच प्रश्नासाठी गेले आहे. बंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने घडवलेले त्यावरील मुख्य उपकरण कृत्रिम ग्रहण घडवते आणि ५३०.३ नॅनोमीटरच्या त्याच हिरव्या रेषेवर नजर ठेवू शकते. एकेकाळी खोटे मूलद्रव्य दाखवणारी रेषा आज तापमापकाचे काम करते.

राहिला विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा त्या किल्ल्यावरून गेला होता. तेव्हा साठी ओलांडलेले सर नॉर्मन लॉकियर तेथे उतरले. मेल्पोमिनी या युद्धनौकेवरील अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर पेडलरही. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर येथे आपली उपकरणे मांडली होती. विजयदुर्गाची खरी कथा ही आहे आणि ती मुळीच उणी नाही. ज्या माणसाने तीस वर्षांपूर्वी एका पिवळ्या रेषेवरून सूर्यावरील मूलद्रव्याचा तर्क केला, तो तर्क खरा ठरलेला पाहून तो आपल्या किनाऱ्यावर सूर्याचे आणखी वर्णपट घ्यायला आला होता. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच रॅमसेही भारतात आले, ते जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा सुचवायला. त्यांनी बंगळूरुची शिफारस केली. त्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले ते मॉरिस ट्रॅव्हर्स.

तेव्हा हेलियमचा शोध कुठे लागला? १८६८चा गुंटूर, लंडनमधील ऑक्टोबरचा दिवस, १८९५ची रॅमसे यांची नळी, स्वीडनमधील तराजू, यांपैकी एकच स्थळ निवडायला गेलो तर उरलेल्यांवर अन्याय होतो आणि 'मूलद्रव्य' या शब्दाचा अर्थही निसटतो. ते दिसावे लागते, वेगळे आहे हे कळावे लागते, हाती यावे लागते, तोलले जावे लागते. येत्या १८ ऑगस्टला विजयदुर्गावर मुले जमतील, त्यांना साहेबाचे कट्टे अवश्य दाखवावेत. फक्त १८९८ हे साल सांगावे, आणि शक्य झाल्यास एक साधा वर्णपटदर्शक व मिठाची ज्योत सोबत न्यावी. पिवळी रेषा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर, तिच्याच शेजारची दुसरी रेषा कोणाची, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणीतरी नक्की विचारील.

#हेलियम #विज्ञानाचाइतिहास #आदित्यएल१